भरतीला शेतात घ्यायचं, तर तोवर शेतकऱ्याने खायचं काय? (बांगलादेशातले हवामान-अनुकूलन आराखडे)

गाळपेर

जलव्यवस्थापनाच्या कामामुळे काही वर्षं माझा मुक्काम बांगलादेशात, खुलन्याला होता. मध्यंतरी एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की गरीब देश हवामानबदलासाठी सतत पैसे मागतात, पण त्यांनी स्वतःचे आराखडे तरी नीट केलेत का? प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचे, म्हणजे अनुकूलनाचे आराखडे केलेत, आणि बऱ्याच आधीपासून केलेत. 2001 मध्ये माराकेशच्या हवामान परिषदेत अल्पविकसित देशांसाठी स्वतंत्र निधी ठरला. प्रत्येक देशाने आपली सगळ्यात तातडीची कामं लिहून द्यायची होती. मॉरिटानियाने 2004 मध्ये पहिला आराखडा दिला, बांगलादेशाने 2005 मध्ये. 2010 च्या कान्कुन परिषदेपासून लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय आराखड्यांची पद्धत सुरू झाली. बांगलादेशाचा तसा आराखडा 2022 मध्ये तयार झाला. तो 2050 पर्यंतचा आहे, त्यात 113 कामं आहेत आणि खर्च धरलाय 230 अब्ज डॉलर. शिवाय 2018 मध्ये मंजूर झालेला 'डेल्टा प्लॅन 2100' आहे. त्यामुळे 'त्यांच्याकडे नियोजनच नाही' हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अडतं ते दुसरीकडेच, आणि ते खुलना-जशोरच्या बिलांमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी कुठेच पाहिलं नाही.

बील म्हणजे दोन-तीन नद्यांच्या मधली, बशीसारखी सखल जमीन. जमीनदारीच्या काळात तिथे 'अष्टमासी बांध' घालायची रीत होती. वर्षातले आठ महिने खारं पाणी अडवायला मातीचे ठेंगणे बांध घालायचे आणि पावसाळ्यात पाण्याला वाट मोकळी ठेवायची. नदी येताना गाळ आणायची आणि जमीन थोडीथोडी वर उचलली जायची. 1950 मध्ये जमीनदारी गेली आणि बांधांची देखभाल करणारी व्यवस्थाही गेली. मग 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तान सरकारने अमेरिकी मदतीने कायमचे उंच बांध घातले. बांधांनी वेढलेला प्रत्येक भूभाग म्हणजे एक 'पोल्डर'. असे सुमारे 139 पोल्डर आणि त्यांच्या आत 12 लाख हेक्टरच्या आसपास जमीन.

सुरुवातीची वर्षं भात भरपूर पिकलं. पण गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना दरवर्षी जवळपास 100 कोटी टन गाळ आणतात. बिलाची दारं बंद झाल्यावर भरतीबरोबर वर चढणारा गाळ नदीच्या पात्रातच बसायला लागला. आतली जमीन मात्र गाळाविना खचत गेली. 1980 च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी नदीचा तळ शेतापेक्षा उंच झाला. पावसाचं पाणी आत शिरायचं, पण बाहेर पडायला उतारच उरला नव्हता. गावंच्या गावं महिनोन्महिने पाण्यात राहिली. सुंदरबनाला लागून असलेल्या 32 क्रमांकाच्या पोल्डरमधली जमीन शेजारच्या जंगलातल्या जमिनीपेक्षा मीटर-सव्वा मीटर खाली गेल्याचं नंतरच्या मोजणीत दिसलं. समुद्राची पातळी मिलिमीटरने वाढत असताना बांधांमुळे जमीन मीटरने मागे पडली होती.

यावर उपाय शोधला तो लोकांनीच. 1990 मध्ये बील डाकातियात गावकऱ्यांनी बांध कापला. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये बील भायनात पुन्हा तेच झालं. त्या वेळी आशियाई विकास बँकेच्या कर्जावर तिथे मोठा निचरा प्रकल्प चालू होता आणि त्यात बांधांना पाण्याचे आणखी दरवाजे बांधायचं घाटत होतं. बील भायना चार वर्षं उघडं राहिलं. भरती आत यायची, गाळ टाकायची आणि ओहोटीला जोराने बाहेर पडताना हरी नदीचं पात्र खरवडून न्यायची. कापाजवळची जमीन दीड-दोन मीटर उंच झाली आणि नदी पुन्हा खोल झाली. तज्ज्ञांनी मोजमाप केलं, पद्धत मान्य झाली आणि प्रकल्पाच्या आराखड्यात बसवली गेली. आज तिला 'टायडल रिव्हर मॅनेजमेंट', थोडक्यात टीआरएम म्हणतात. डेल्टा प्लॅनमध्येही ती आहे.

आता माझा मुद्दा. बील उघडं ठेवायचं म्हणजे तीन-चार वर्षं, कधी त्याहूनही जास्त, त्या जमिनीत पीक नाही. बील भायनात लोकांनी ते स्वतःहून सोसलं. पण सरकारी आराखड्याप्रमाणे 2006 मध्ये पूर्व खुकशिया बील उघडलं तेव्हा जमीनमालकांना भरपाई ठरली. ती मिळवायला मालकीची कागदपत्रं लागत होती. वारसांची नावं चढलेली नाहीत, दस्त आजोबांच्या नावावर, कचेरी दूर; बहुतेकांच्या हातात काही आलंच नाही. वाट्याने कसणारे आणि मजूर तर यादीतच नव्हते. काम ठरल्यापेक्षा कितीतरी लांबलं. पुढची पाळी कपालिया बिलाची होती. तिथल्या लोकांनी खुकशियाचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. 2012 मध्ये तिथे हिंसक संघर्ष झाला आणि काम थांबलं. त्याच भागातल्या भवदहच्या परिसरातली गावं आजही पावसाळ्यात तुंबतात.

अभियांत्रिकी सापडली होती. पैसाही होता. नव्हतं ते एकच: ज्याची जमीन चार वर्षं पाण्याखाली जाणार त्याच्या घरात पहिल्या महिन्यापासून पैसे कसे पोचणार, याची व्यवस्था. माझ्या मते अनुकूलनाच्या आराखड्याचं ते पहिलं पान असायला हवं. प्रत्यक्षात ते 'सामाजिक बाबी' म्हणून शेवटी जोडलं जातं.

तुमची मतं वाचायला आवडतील. कोकणातल्या खाडीपट्ट्यातलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

---

उधाण

आहे मी, पेण-अलिबागच्या खारेपाटातला. वाचताना अंगावर काटा आला, कारण पोल्डर म्हणजे आमची खारबंदिस्तीच. आमच्याकडेही बांध, उघाड्या (पाणी सोडायची दारं), आत भातशेती. पूर्वी गावाची 'जोळ' असायची. बांधाला खांड (भगदाड) गेली की प्रत्येक घरातून माणूस चिखल टाकायला उतरायचा, आणि न येणाऱ्याला दंड होता. पुढे बांध सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेले आणि जोळ मोडत गेली. आता खांड पडली तर निविदा निघेपर्यंत दोन-तीन उधाणं शेतातून जाऊन येतात. एकदा जमीन खारवली की भात परत धरायला वेळ लागतो. काही गावांत इतकी वर्षं खारं पाणी राहिलं की शेतात कांदळवन उभं राहिलंय. आता ते तोडायलाही बंदी आहे, मग शेतकऱ्याने करायचं काय?

गाळपेरताई, एक शंका. तुमच्या नद्या गाळाच्या आहेत. आमच्या खाड्यांत तेवढा गाळ नाही. मग ही पद्धत इकडे चालेल असं वाटत नाही, बरोबर ना?

---

हिशेबनीस

लेख आवडला, पण 'पैसाही होता' हे वाक्य मला खटकलं. त्या एका प्रकल्पात असेल. एकूण चित्र बघा. 2001 मध्ये ठरलेल्या त्या अल्पविकसित देशांच्या निधीतून दोन दशकांत सगळ्या देशांना मिळून जेमतेम दोन अब्ज डॉलरच्या घरात रक्कम मंजूर झाली. एकट्या बांगलादेशाचा आराखडा 230 अब्जांचा. नेपाळचा 2021 चा आराखडा 47 अब्जांच्या वर आणि त्यात नेपाळ स्वतः घालू शकेल असं म्हणतो ते दीड अब्ज.

2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांना अनुकूलनाचा निधी 2025 पर्यंत दुप्पट करायला सांगितलं गेलं, म्हणजे वर्षाला सुमारे 40 अब्ज. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्जांचं उद्दिष्ट ठरलं, पण त्यातले अनुकूलनाला किती, हे कुठेही बांधून दिलं नाही. अल्पविकसित देशांनी आपल्यासाठी किमान 220 अब्ज मागितले होते. शेवटच्या टप्प्यात त्यांचे प्रतिनिधी बैठकीतून उठून गेले.

आणि येतात ते पैसेही बऱ्याच वेळा कर्जाऊ. बांगलादेशाच्या किनारी बांधांच्या सुधारणेसाठी जागतिक बँकेचा 2013 चा 40 कोटी डॉलरचा प्रकल्प घ्या. त्यातला बहुतांश भाग कर्जच आहे. ज्यांनी वातावरण तापवलं नाही त्यांनी बांध उंच करायला कर्ज काढायचं आणि ते फेडत बसायचं. हे आधी बोललं पाहिजे. भरपाई नीट वाटली गेली नाही ही त्या देशाची चूक, असं वाचणाऱ्याला वाटेल.

---

गाळपेर

हिशेबनीस, तुमचे आकडे मान्य, आणि राग तर शंभर टक्के मान्य. त्यात आणखी एक भर घाला. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाप्रमाणे बांगलादेश, नेपाळ आणि लाओस यांच्यासाठी अल्पविकसित यादीतून बाहेर पडण्याची तारीख 24 नोव्हेंबर 2026 ठरवली गेली. यादीतून बाहेर पडलं की त्या खास निधीतून नवी कामं मिळत नाहीत. दरडोई उत्पन्न वाढलं म्हणून समुद्र मागे सरकत नाही. हा नियमच मला क्रूर वाटतो.

पण पैसा आला की तो कुठून कुठे जाणार, हे आधी ठरलेलं नसेल तर तो दगडी पिचिंगमध्ये आणि दरवाज्यांत जातो, कारण त्याचं मोजमाप सोपं असतं. वाट्याने कसणाऱ्या माणसाची चार वर्षांची मजुरी हा खर्च अंदाजपत्रकाच्या कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही. देणाऱ्यांच्या नियमांतही तो सहज बसत नाही, त्यामुळे दोष एकट्या ढाक्याचा नाही.

उधाणदादा, तुमची शंका बरोबर आहे. जिथे गाळ नाही तिथे बांध उघडून फक्त खारं पाणी आत येईल. आंधळेपणाने उचलण्यासारखी ही पद्धत नाही. खुलन्याकडेही गाळ मुख्यतः कोरड्या महिन्यांत, फेब्रुवारी ते मेदरम्यान, भरतीबरोबर येतो. वरून येणारं गोडं पाणी तिथे फार कमी झालंय.

---

अवकाळी

वरून येणारं पाणी कमी झालं त्यात आपला हात आहे, हे स्पष्ट लिहा की. गंगेवरचा आपला फराक्का बंधारा 1975 चा. गंगा पाणीवाटप करार डिसेंबर 1996 चा आणि तीस वर्षांचा. गंगेचं पाणी खुलन्याकडे आणणाऱ्या गोराई नदीत कोरड्या दिवसांत पाणी नसलं की खुलन्याचं खारेपण वाढणारच. एवढ्या मोठ्या गोष्टीवर दोन देशांनी बोलायचं सोडून गरीब शेतकऱ्याला 'तुझं शेत चार वर्षं दे' म्हणायचं, ही पद्धत कितीही शास्त्रीय असली तरी मला ती पटत नाही. ओझं शेवटी त्याच माणसावर.

आणि गाळ सगळीकडे सारखा बसतो का? तुम्हीच लिहिलंय, कापाजवळ दीड-दोन मीटर. लांबच्या टोकाला काय?

---

गाळपेर

लांबच्या टोकाला फार कमी. हा त्या पद्धतीचा खरा दोष आहे. तोंडापाशी गाळाचा ढीग होतो, मागचा भाग सखलच राहतो आणि पुढे तिथेच पाणी साचतं. म्हणजे शेजारी-शेजारी शेतं असूनही एकाचा फायदा, दुसऱ्याचं नुकसान. बिलाचे भाग पाडून, आळीपाळीने कप्पे उघडून हे कमी करता येतं. पण मग कुणाचा कप्पा आधी, हा पुन्हा गावात बसूनच सोडवायचा प्रश्न होतो.

फराक्क्याबद्दल पूर्ण सहमत. कुठल्याही एका देशाचा अनुकूलन आराखडा नदीच्या वरच्या देशाशी बोलल्याशिवाय अर्धाच राहतो. तरी एक सांगते. बांध न उघडणं म्हणजे ओझं टाळणं नव्हे. 2009 मध्ये आयला वादळाने त्या 32 नंबरच्या पोल्डरचे बांध फोडले. पुढची जवळपास दोन वर्षं शेतांतून भरती-ओहोटी चालू होती, हजारो माणसं बांधावर झोपड्या घालून राहिली. त्या काळात आतली जमीन मात्र सरासरी फूटभराहून जास्त उंचावली. तोच गाळ, पण ना तयारी, ना भरपाई, ना प्यायला पाणी. ठरवून उघडणं आणि वादळाने फोडणं यांतला फरक एवढाच, की पहिल्यात माणसांची सोय आधी करता येते. ती केली नाही तर मग काहीच फरक उरत नाही, आणि लोक विरोध करतात ते योग्यच करतात.

---

मीनल_जो

पहिल्यांदाच या विषयावर इतकं मुद्द्याचं वाचते आहे. पण बांगलादेशाचं चक्रीवादळाचं काम जगात वाखाणलं जातं ना? 1970 च्या वादळात तीन ते पाच लाख माणसं गेली, 1991 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार, 2007 च्या सिडरमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास, आणि 2020 च्या अम्फानला तिथले मृत्यू तीसच्या आत. करोनाचे दिवस असूनही सुमारे 24 लाख लोकांना हलवलं होतं. तेच सरकार, तीच माणसं. मग एक जमतं आणि दुसरं का जमत नाही?

---

गाळपेर

मीनल, या प्रश्नासाठी मनापासून आभार. मला वाटतं याचं उत्तर असं: निवारा केंद्रात जाण्याने कुणाचं शेत जात नाही. वादळाच्या तयारीचा कार्यक्रम 1970 नंतर लगेच सुरू झाला. आज त्याचे 76 हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या बाया आहेत. पूर्वी घरचा पुरुष बाजारात असला तर त्याला विचारल्याशिवाय घर कसं सोडायचं म्हणून बायका अडकून राहायच्या. शेजारची ओळखीची बाई मेगाफोन घेऊन दारात आली की त्या निघतात. काम अवघड आहे आणि लोकांनी ते जीव ओतून केलंय. पण त्यात सगळ्यांचं हित एकाच दिशेला आहे.

बील उघडण्यात तसं नाही. वरच्या गावाचं पाणी उतरावं म्हणून खालच्या गावाचं पीक जातं. कोळंबीची तळी चालवणाऱ्याला खारं पाणी हवं असतं, भातवाल्याला नको असतं. जमीन असलेल्याला पुढे उंच शेत मिळतं, बिनजमिनीच्याला फक्त चार वर्षं काम नाही. समुद्रपातळी वाढेल तशी यापुढची बहुतेक कामं याच जातीची असणार आहेत.

---

पागोळी

मी काठमांडूत असते. नेपाळने 2011 मध्ये गावपातळीवरच्या अनुकूलन आराखड्यांची चौकट केली आणि हवामाननिधीतला किमान 80 टक्के पैसा स्थानिक पातळीवर खर्च व्हावा असं धोरणातच लिहिलं. अल्पविकसित देशांत असं लिहिणारा नेपाळ पहिल्या काही देशांपैकी. पुष्कळ गावांनी बसून आराखडे केले: झरे वाचवणं, पायवाटा, छोटे कालवे. पण 2015 ची राज्यघटना आली आणि 2017 मध्ये जुन्या गाव विकास समित्या जाऊन देशात 753 पालिका झाल्या. ज्या समितीच्या नावाने आराखडा होता ती समितीच उरली नाही. काही पालिकांनी जुनी कामं पुढे नेली, काहींना ती वही कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

म्हणून गाळपेर म्हणते त्यात माझी भर: पैसे कुणाला, हे लिहाच; पण ती यादी सांभाळणार कोण, हेही लिहा.

---

कातळसडा

वेगळ्या टोकाचं उदाहरण, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचं. मारादी आणि झिंदर भागात 1980 च्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खोडांना येणारे फुटवे न छाटता वाढवले. पुढच्या वीसेक वर्षांत सुमारे 50 लाख हेक्टरवर, 20 कोटींच्या आसपास झाडं उभी राहिली. रोपवाटिका नाही, लागवड नाही. आधी हे का होत नव्हतं? फ्रेंच काळापासून झाड सरकारचं, शेतकऱ्याचं नव्हे. तोडलं तर दंड, वाढवलं तर लाकूड दुसऱ्याचं. मग तो कोंब उपटूनच टाकायचा. वनखात्याचा हात सैल झाला आणि झाड आपलं असं वाटायला लागल्यावर हिरवळ परतली. तिथेही अडलं होतं ते मालकीपाशीच.

---

उधाण

गाळपेरताई, शेवटचं विचारतो. आमच्या खाडीकाठच्या दोन-तीन गावांत बाहेरचा बांध कुठून न्यायचा यावर बोलणं चालू आहे. काहींचं म्हणणं, कांदळवन आलेली जमीन सोडून द्यावी आणि बांध मागे घ्यावा, म्हणजे पुढची झाडी लाटा अडवेल. ज्यांची जमीन बाहेर राहील ते अर्थातच भडकलेत. सातबाऱ्यावर नाव मुंबईच्या भावाचं आणि कसणारा इथला, हेही आहेच. ग्रामसभेत काय मांडू?

---

गाळपेर

उधाणदादा, बांधाची रेघ नकाशावर मारण्याआधी बाहेर जाऊ शकणाऱ्या प्रत्येक तुकड्याची यादी करा. त्यात सातबाऱ्यावरचं नाव एका रकान्यात आणि प्रत्यक्ष कसणारा दुसऱ्या रकान्यात. मासे-खेकडे पकडून जगणारी घरं वेगळी नोंदवा, ती कुठल्याच उताऱ्यावर सापडत नाहीत. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि हरकती तिथेच लिहून घ्या. भरपाई एकरकमी नको, दर हंगामाला हवी. आणि पहिला हप्ता खात्यात पडल्याशिवाय जुना बांध सोडायचा नाही, असा ठराव करा.

आत राहणाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचं पनवेल-3 सारखं खारं सोसणारं भाताचं बियाणं कुणी लावतं का तेही बघा. खुलन्याकडे ब्रि धान-47 आणि 67 याच कामाला येतात.

कांदळवनाच्या कायद्याबद्दल मात्र जाणकार वकिलाला विचारा. इथे कुणी असतील तर त्यांनी उधाणदादांना उत्तर द्यावं, अशी विनंती.

---

अवकाळी

माझा मामेभाऊ अलिबागला वकिली करतो, जमिनीचीच प्रकरणं बघतो. उधाण, व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.